इंग्रजीतील शब्दजाती व आलंकारिक भाषा

वाक्यातील कार्यानुसार शब्दांचे जे वर्ग करतात, त्यांना शब्दजाती म्हणतात. इंग्रजीच्या परंपरागत व्याकरणात त्या आठ मानतात : नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी अव्यय. ही योजना मूळची ग्रीक. डायोनिशियस थ्रॅक्सच्या नावावरील ग्रीक व्याकरणात आठ शब्दजाती आहेत. लॅटिनमध्ये उपपद नसल्याने रोमन वैयाकरणांनी ते वगळले आणि केवलप्रयोगी अव्यय स्वतंत्र मानून आठ ही संख्या कायम राखली. विशेषण पूर्वी नामातच गणले जाई. इंग्रजीत ते वेगळे मानण्याची प्रथा अठराव्या शतकात रूढ झाली. रॉबर्ट लौथ (१७६२) व लिंडली मरी (१७९५) यांनी उपपद धरून नऊ शब्दजाती दिल्या.

ही चौकट इंग्रजीस पूर्णपणे लागू पडत नाही. लॅटिनमध्ये शब्दाची जाती बहुधा प्रत्ययावरून कळते. इंग्रजीतील बहुतेक विभक्तिप्रत्यय मध्ययुगात झिजून गेले. त्यामुळे तीत जाती मुख्यतः वाक्यातील स्थानावरून ठरते. ‘राउंड’ हा एकच शब्द नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण व शब्दयोगी अव्यय या पाचही प्रकारे वापरला जातो. एलिझाबेथकालीन इंग्रजीतील असे स्वातंत्र्य एडविन ॲबट यांनी शेक्सपिअरच्या भाषेवरील आपल्या व्याकरणात (१८६९) दाखवून दिले.

या जातिबदलातून अनेकदा लाक्षणिक अर्थ निर्माण होतो. ‘शोल्डर’ म्हणजे खांदा. क्रियापद होताच त्याचा अर्थ जबाबदारी पेलणे असाही होतो. ‘फेस’ म्हणजे चेहरा. क्रियापद म्हणून संकटाला तोंड देणे. मराठीतही ‘हाताळणे’, ‘डोकावणे’ अशी नामसाधित क्रियापदे आहेत. मात्र त्यांत नामाचे रूप बदलते.

रूपकाचा आश्रय कोणती शब्दजाती आहे, यावर त्याचे स्वरूप अवलंबून असते. नामातील रूपक एका वस्तूच्या जागी उघडपणे दुसरी ठेवते. क्रियापदातील रूपक तसे करीत नाही : जहाज समुद्र ‘नांगरते’ असे म्हटले, की समुद्राचे शेत न सांगताच सूचित होते. ‘स्लीपलेस नाइट’ या प्रयोगात झोप नसते ती माणसाला, पण विशेषण लागते रात्रीला. ‘इन ट्रबल’ यातील शब्दयोगी अव्यय संकटाला एक बंदिस्त जागा मानते. मराठीत ‘संकटात’ या शब्दातील सप्तमीचा प्रत्यय तेच कार्य करतो. क्रिस्टीन ब्रुक-रोझ यांनी ए ग्रामर ऑफ मेटाफर (१९५८) या ग्रंथात पंधरा इंग्रज कवींच्या रूपकांचे असे व्याकरणिक वर्गीकरण केले.

म्हणून इंग्रजीच्या वाचकाने व अनुवादकाने रूपक केवळ नामात शोधू नये. क्रियापदातील वा अव्ययातील रूपक नित्याच्या वापराने नजरेआड होते. त्याचा शब्दशः अनुवाद केल्यास मराठी वाक्य कृत्रिम होते. ते सरसकट गाळल्यास मूळ प्रतिमा हरवते.