मराठी साहित्यातील पारलिंगी किशोरावस्था : प्रेम आणि आत्मस्वीकाराचा शोध

प्रस्तावना :
'मी कोण?' हा प्रश्न मनुष्याला सर्वप्रथम तीव्रतेने पडतो तो किशोरवयात. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'पासून भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपर्यंत मराठी कुमारसाहित्याने या वयाला संस्कार दिले, साहस दिले. परंतु ज्या किशोराचे शरीर एक सांगते आणि मन दुसरेच, त्याच्या वाट्याला या परंपरेत फारसे काही आलेले नाही. मराठीतील पारलिंगी किशोर भेटतो तो प्रामुख्याने प्रौढांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत. त्याचे तेथील स्वरूप आणि अध्यापकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना :
जन्मतः नोंदविलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव यांत ज्या व्यक्तीच्या बाबतीत भेद असतो, ती व्यक्ती पारलिंगी होय. लैंगिक कल ही याहून वेगळी बाब आहे. आकर्षण कोणाविषयी वाटते, याच्याशी तिचा संबंध असतो. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' ही कादंबरी समलिंगी तरुणाची आहे, पारलिंगी व्यक्तीची नव्हे. हिजडा व जोगता या संज्ञा परंपरागत समुदायांच्या व प्रथांच्या निदर्शक आहेत. प्रत्येक पारलिंगी व्यक्ती त्यांत मोडतेच असे नाही.

लादलेले स्त्रीत्व :
राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या व चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांवर राजीव पाटील यांचा 'जोगवा' (2009) हा चित्रपट आधारित आहे. त्यातील तायप्पाला यल्लम्माच्या प्रथेमुळे साडी नेसून जोगता व्हावे लागते. मन मात्र पुरुषाचेच राहते. केसांत जट आली म्हणून देवीला सोडलेल्या सुलीवर त्याचे प्रेम जडते आणि त्या प्रेमातूनच त्याला स्वतःची ओळख परत मिळते. तायप्पा पारलिंगी नाही. किंबहुना त्याची व्यथा नेमकी उलट आहे. तथापि लिंगभाव बाहेरून लादला असता मनाची कशी कोंडी होते, हे पारलिंगत्वाविषयी अनभिज्ञ असलेल्या वाचकालाही तायप्पामुळे उमजते. मुलगी असल्याची जाणीव असलेल्या किशोराला मुलगा म्हणून वाढविले जाते, तेव्हा हीच कोंडी घडते.

स्वीकारलेली ओळख :
लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे आत्मकथन मनोविकास प्रकाशनाने 2012 मध्ये प्रसिद्ध केले. ठाण्यातील एका ब्राह्मण कुटुंबात मुलगा म्हणून वाढलेल्या या बालकाची नृत्याची ओढ, 'बायकी' म्हणून झालेली हेटाळणी, बालपणी सोसलेले लैंगिक अत्याचार आणि प्रेमाची भूक यांचे चित्रण त्यात येते. किशोरवयात अशोक राव कवी यांच्याशी झालेली भेट निर्णायक ठरते. 'तुझ्यात काही विकृत नाही, अभ्यासाकडे लक्ष दे' या आशयाचा दिलासा त्यांच्याकडून मिळतो. पुढे हिजडा समुदायात प्रवेश केल्यानंतरही कुटुंबाशी असलेले नाते तुटत नाही. एका जाणत्या व्यक्तीचा एक शब्द आणि आईवडिलांनी न सोडलेला हात या दोन गोष्टींनी येथे आत्मस्वीकार शक्य केला, ही बाब अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

आत्मकथनाची मर्यादा :
आत्मकथन मागे वळून पाहते. सांगणारी व्यक्ती वादळातून पार पडलेली असते, त्यामुळे शेवट वाचकाला ठाऊक असतो. किशोरकादंबरीतील नायिकेला मात्र उद्या काय होणार हे ठाऊक नसते. वाचणाऱ्या किशोराचीही स्थिती तीच असते. मेरेडिथ रुसो या पारलिंगी लेखिकेच्या 'इफ आय वॉज युवर गर्ल' (2016) या इंग्रजी कादंबरीतील अमांडा हल्ल्यानंतर टेनेसीतील एका लहान गावी वडिलांकडे राहावयास येते, तेथे प्रेमात पडते आणि सत्य सांगावे की नाही या पेचात सापडते. हा पेच 'आत्ता' घडतो, हेच त्या कादंबरीचे बळ होय. शिवाय लक्ष्मी यांच्या कथनातील अत्याचाराचे व बारमधील नृत्याचे प्रसंग प्रौढ वाचकासमोर ठेवलेले आहेत. ते किशोराच्या हाती देताना अध्यापकाची सोबत आवश्यक ठरते.

शैक्षणिक संदर्भ :
सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी 'नालसा' खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींच्या ओळखीला मान्यता दिली. 2019 च्या अधिनियमातील कलम 13 ने शिक्षणसंस्थांवर समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली. मात्र पारलिंगी बालकांच्या समावेशनाविषयीची एन.सी.ई.आर.टी.ची शिक्षक-पुस्तिका 2021 मध्ये आक्षेपांनंतर संकेतस्थळावरून काढली गेली. अशा वेळी जबाबदारी ग्रंथालयावर व वर्गावर येते. डहाणू तालुक्यातील नरपडसारख्या किनारपट्टीवरील गावातून वा तलासरीच्या पाड्यावरून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला शहरातील आधारगट जवळ नसतो. गावात सारेच परस्परांना ओळखतात, त्यामुळे मन मोकळे करणे अधिक कठीण जाते. अशा विद्यार्थ्याने नाव न सांगताही वाचावे, असे पुस्तक कपाटात असणे ही लहान गोष्ट नव्हे. अध्यापनात कोणाकडेही अंगुलिनिर्देश न करता तायप्पा व लक्ष्मी यांचा तौलनिक विचार मांडता येईल.

निष्कर्ष :
तायप्पावर ओळख लादली गेली, लक्ष्मी यांनी ती स्वीकारली. दोन्ही कथांचे सार एकच, की स्वतःची ओळख सांगण्याचा अधिकार ज्याचा त्याला असावा. मराठीत पारलिंगी किशोराच्या दृष्टीतून लिहिलेली, त्याच्याच वयाच्या वाचकासाठी असलेली कादंबरी ही आज खरी गरज आहे. ती हाती येईपर्यंत अशोक राव कवींच्या त्या दिलाशाचे काम वर्गातील अध्यापकालाच करावे लागेल.