सोबतीची थैली

केसपेपरच्या खिडकीपासून निघालेली रांग शेडची सावली सोडून उन्हात आली आहे. साडेनऊच वाजलेत, पण विदर्भातला मे महिना आहे. कोबा चपलेतूनही तळव्याला चटके देतो. जिल्हा रुग्णालयात नुसतं दाखवायला आलेल्या माणसाच्या हातात फाईल असते. भरती व्हायला आलेलं घर लांबूनच ओळखू येतं. खताच्या पोत्याची शिवलेली थैली, गुंडाळलेली चटई, पाण्याची कॅन, कॅनच्या मुठीला बांधलेला प्लास्टिकचा मग.

पायरीवर पन्नाशीची एक बाई बसली आहे. उद्या तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन. सून रांगेत, मुलगा सामानापाशी. खिडकीवर पैसे मागत नाहीत. राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, भरती सगळं मोफत आहे. तरी घरचा खर्च होतोच. तो या थैलीत भरलेला असतो.

पुढची रांग सरकारी आरोग्य योजनेच्या टेबलाची. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण आधी कागद जुळावे लागतात. रेशनकार्डावर बाईचं एक नाव, आधारकार्डावर दुसरं. आरोग्यमित्र दोन्ही कार्डं शेजारी ठेवून पाहतो. मुलगा गेटबाहेर झेरॉक्सला धावतो. परत येतो तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला असतो, आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट घरी राहिल्याचं आता कळतं. गावाहून येणाऱ्या दुपारच्या एसटीत कुणाच्या तरी हाती तो पाठवायचं ठरतं.

पहिल्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड. स्पिरिटचा वास, कुलरचा ओलसर वारा, आणि दोन खाटांमध्ये जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी वाट. सिस्टर थैली उघडायला लावते. समोरून बटणं असलेले दोन गाऊन, पॅड, जुन्या लुगड्याची धुतलेली फडकी, गडवा, कंगवा, अंगारा बांधलेली पुरचुंडी. अंगारा सिस्टर उशीजवळ राहू देते.

तळाशी बीपीच्या गोळ्या सापडतात. कापलेली स्ट्रिप, नाव असलेला भाग गेलेला. सिस्टर ती उजेडात धरून पुन्हा पुन्हा फिरवते. ऑपरेशनला येताना गोळ्यांचं आख्खं पाकीट आणि जुनी चिठ्ठी आणा, हे ओपीडीतच ठणकावून सांगायला हवं. पलीकडच्या खाटेवरच्या आजी रक्त पातळ करायची गोळी कालपर्यंत घेत होत्या, हे आज सकाळी कळलं. त्यांचं ऑपरेशन ५ दिवस पुढे गेलं. त्यांचा मुलगा रजेचा हिशेब करत खाटेच्या कडेला बसला आहे.

"नखं दाखवा." गेल्याच आठवड्यात पुतण्याचं लग्न झालंय. नखांवर गडद लाल रंग. बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा नखातून उजेड पाठवून मोजतो, रंगाने आकडा चुकू शकतो. रंग काढायची बाटली कुणाच्याच थैलीत नाही. सून मेडिकलमधून आणते.

मग जोडवी निघतात. बांगड्या निघतात. गळ्यातल्या पोतीपाशी हात थांबतो. "हे राहू द्या ना, बाई." सिस्टर आवाज चढवत नाही. आत रक्त थांबवायला विजेचं उपकरण वापरतात, अंगावर धातू असला तर भाजू शकतं, असं खाटेवर बसून सांगते. पोत रुमालात जाते, रुमाल सुनेच्या कमरेला. मला हे समजावणं फार मोलाचं वाटतं. त्याला दोनच मिनिटं लागली.

संध्याकाळी भुलीचे डॉक्टर येतात. तोंड उघडायला लावतात, कवळी आहे का पाहतात, मान मागे वळवतात. जेवणानंतर किमान ६ तास आणि साध्या पाण्यानंतर २ तास पोट रिकामं हवं. पण उद्या नंबर कितवा लागेल ते आज सांगता येत नाही, म्हणून वॉर्डात सरळ फर्मान निघतं, रात्री बारानंतर काही नाही. उशीखाली बिस्किटाचा पुडा आहे. भुलीत उलटी होऊन फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. पुडा सुनेच्या हातात दिला जातो.

रात्री वॉर्डाची जमीन भरते. प्रत्येक खाटेशेजारी एक चटई. पेशंटला काय आणायचं याचा छापील कागद मिळाला होता. सोबतच्या माणसासाठी कागद नाही. सुनेच्या अंगावर सकाळचीच साडी आहे. टॉवेल सासूचा, चादर सासूची, उशी म्हणून हाताची घडी. भिंतीवरच्या एकाच प्लगला चार फोन नंबर लावून आहेत. इथे रात्रभर जी जागते, सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारते, भांडं देते, तिच्या अंघोळीचा, झोपेचा विचार घरून निघताना कुणीच केलेला नसतो. तिने स्वतःही नाही.

सकाळी आठला हिरवा गाऊन, ट्रॉली, ओटीचं दार. दाराबाहेरच्या बाकावर पाच घरं बसली आहेत. दार उघडलं की सगळे उठतात. नाव दुसऱ्याचं निघालं की चौघं बसतात.

अकराच्या सुमारास सासूचं नाव येतं.

"ऑपरेशन व्यवस्थित झालं. शुद्धीवर येताहेत. पोटाचा पट्टा आणलाय?"

"हो."

"डॉक्टर सांगेपर्यंत पाणी द्यायचं नाही. रात्री कोण थांबणार?"

"मीच."

सिस्टर तिच्या साडीकडे पाहते. "मग तुझे कपडे मागव घरून."

सून जिन्यात जाऊन जावेला फोन लावते. "झालं चांगलं. आईले आत्ताच काही खायले नाही देत. ऐक, माह्या दोन साड्या दे पाठवून. टॉवेल. बुरूश. अन् ती लहान उशी, लेकराची, ती बी दे."