हिवतापाची वाट डासाच्या पोटात अडवताना

६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइनच्या लष्करी रुग्णालयात अल्फोन्स लाव्हराँ हिवतापाने आजारी असलेल्या एका सैनिकाचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. एका गोल पेशीच्या कडेने बारीक धागे फुटले आणि जोराने वळवळू लागले. हिवतापाचा परजीवी माणसाला पहिल्यांदा दिसला तो असा. पण ते धागे म्हणजे काय, हे कळायला १८९७ साल उजाडलं. बाल्टिमोरच्या विल्यम मॅक्कॅलम यांनी कावळ्यांच्या रक्तातल्या तशाच एका परजीवीत पाहिलं, की हे धागे म्हणजे नर युग्मकं आहेत आणि ती मादीपेशीत शिरतात.

माणसाच्या अंगात ही युग्मकं सुटत नाहीत. अ‍ॅनोफिलिसच्या मादीने रक्त शोषलं, की तिच्या पोटात ते थंड होतं, तिथल्या झँथुरेनिक आम्लाचा इशारा मिळतो आणि दहा-पंधरा मिनिटांत एका नरपेशीतून आठ युग्मकं बाहेर पडतात. लाव्हराँच्या काचेवर रक्त निवलं, म्हणून डासाच्या पोटातला हा प्रसंग त्यांना काचेवरच दिसला.

उपचारांचा विचार मात्र बराच काळ तापाभोवतीच फिरत राहिला, हे मला या रोगाच्या इतिहासातलं मोठं न्यून वाटतं. १८२० साली पेलेतिए आणि काव्हांतू यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळं केलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तू योयो यांनी जुन्या चिनी ग्रंथातली सूचना ध्यानात घेऊन चिंगहाव या वनस्पतीचा अर्क न उकळता ईथरमध्ये कमी तापमानावर काढला आणि आर्टेमिसिनिन हाती आलं. दोन्ही वनस्पतींनी असंख्य जीव वाचवले. पण फाल्सिपेरम या हिवतापाच्या परजीवीच्या चंद्रकोरीच्या आकाराच्या पक्व गॅमेटोसाइट पेशींवर, म्हणजे ज्यांच्यातून डासाच्या पोटात युग्मकं होतात त्या पेशींवर, क्विनीनचा परिणाम होत नाही आणि आर्टेमिसिनिनचाही पुरेसा होत नाही. या पेशी तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात आणि त्यांच्यामुळे तापही येत नाही. ताप उतरलेला माणूस शेतावर जायला लागतो, तेव्हाही त्याला चावणारा डास त्या पेशी उचलू शकतो.

म्हणून आपल्याकडे फाल्सिपेरमच्या रुग्णाला प्रायमाक्वीनचा एकच डोसही देतात. त्याचा लाभ रुग्णापेक्षा शेजाऱ्यांना अधिक. गडचिरोलीसारख्या, महाराष्ट्रात हिवतापाचा सर्वाधिक भार वाहणाऱ्या जिल्ह्यात हे समजावून सांगणं फार मोलाचं आहे. ज्यांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्यात मात्र हे औषध रक्तपेशी फोडू शकतं. व्हायवॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या परजीवीसाठी तर ते चौदा दिवस घ्यावं लागतं, त्यामुळे या विकराची तपासणी अधिकच महत्त्वाची.

युग्मकं सुटण्याचा टप्पाच अडवू पाहणारी आणखी एक वनस्पती म्हणजे कडुनिंब. त्याच्या बियांतलं अ‍ॅझॅडिरॅक्टिन नरपेशीतल्या सूक्ष्मनलिकांची मांडणी बिघडवतं आणि धागे फुटतच नाहीत. उंदरांना निंबोळीचा प्रमाणित अर्क टोचून त्यांचं रक्त डासांना पाजलं, तेव्हा पुरेशा मात्रेत परजीवीची पुढची वाढ थांबली. हे संशोधन मला अतिशय मोलाचं वाटतं, आणि तितक्याच कळकळीने सांगतो: पाडव्याला खाल्लेली कोवळी पानं म्हणजे हिवतापावरचा उपचार नव्हे. तान्ह्या बाळांना निंबोळीचं तेल पाजल्याने जीवघेणे प्रकार घडले आहेत. शिवाय हा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे, की प्रयोगशाळेत तो पहिल्यांदा घडवायला स्टीव्हन ले यांच्या गटाला बावीस वर्षं लागली. ते काम २००७ साली पूर्ण झालं.

दरम्यान दुसऱ्या एका वाटेवर काम सुरू झालं. २०१९ साली हार्वर्डच्या फ्लामिनिया कातेरुचा यांच्या गटाने अ‍ॅटोव्हाक्वोन हे माणसांसाठीचं औषध काचेवर लावलं आणि त्यावर डासांना फक्त सहा मिनिटं टेकू दिलं. पायांतून औषध आत गेलं. डास जगले, पण त्यांच्या पोटातला फाल्सिपेरम वाढू शकला नाही. मच्छरदाणीच्या धाग्यात असं औषध मुरवलं, तर कीटकनाशकाला दाद न देणाऱ्या डासांच्या पोटातही परजीवी अडवता येईल आणि त्यासाठी माणसाला गोळी गिळावी लागणार नाही. मग जी-सिक्स-पीडीची अडचणही आड येत नाही.