खुन्याला नाव आहे, मेलेल्यांना नाही

आमच्या ग्रुपला क्राइम पॉडकास्टचं भारी वेड. चांदूर रेल्वेहून अमरावतीला अपडाऊन करताना अर्धा वेळ कानात हेडफोन, अर्धा वेळ वाद. मागच्या आठवड्यात विषय होता स्टोनमॅन. आम्ही फलाटावर उभे होतो. तेवढ्यात हावड्याकडे जाणारी एक्स्प्रेस न थांबता धडधडत निघून गेली आणि एक मित्र म्हणाला, "पाय ना, याच लायनीनं गेला असंन तो. मुंबईत मारलं, मंग गाडीत बसला अन् थेट कलकत्ता!"

सगळे हसले. मीही हसले. घरी आल्यावर मात्र ती केस नीट वाचायला घेतली आणि हसू गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९८५ पासून पुढची दोनेक वर्षं मुंबईत सायन आणि किंग्ज सर्कलच्या परिसरात रात्री फुटपाथवर झोपलेल्या माणसांचे खून होत होते. पद्धत एकच. एकटा झोपलेला माणूस हेरायचा आणि डोक्यात मोठा दगड घालायचा. काही दगड तर ३० किलोपर्यंतचे होते. चोरी म्हणावी तर मरणाऱ्याच्या खिशात काही नाही. दुश्मनी म्हणावी तर त्यांना ओळखणारंच कोणी नाही. असे किमान १२ जण गेले. सायनमध्ये एक वेटर वाचला, पण अंधारात त्याला हल्लेखोराचा चेहरा दिसलाच नव्हता. मग खून थांबले.

जून १९८९ मध्ये कलकत्त्यात तसंच सुरू झालं. तेच फुटपाथ, तशीच गाढ झोपलेली माणसं, तसाच दगड. सहा महिन्यांत १३ खून. तिथल्या इंग्रजी पेपरांनी त्याला 'स्टोनमॅन' नाव दिलं. पोलिसांनी रात्रीची गस्त वाढवली, संशयितांना उचललं, पुराव्याअभावी सोडलं. पुन्हा खून थांबले. दोन्ही शहरांतला खुनी एकच होता की वेगवेगळे, हे आजपर्यंत ठरलेलं नाही. आमच्या मित्राची रेल्वेवाली थिअरी ऐकायला भारी वाटते, पण तिच्या बाजूनं एकही पुरावा नाही.

सहाव्या खुनानंतर

मला सगळ्यात जास्त टोचली ती वेगळीच गोष्ट. हे एकाच माणसाचं काम असावं, हे मुंबई पोलिसांच्या लक्षात आलं ते सहाव्या खुनानंतर. म्हणजे पाच माणसं मरून गेली होती आणि ती पाच सुटी सुटी प्रकरणं होती.

असं का झालं? खुनाचा तपास साधारण मेलेल्या माणसापासून सुरू होतो. तो कोण, कुठून आला, शेवटचा कोणाला भेटला, कोणाशी भांडण होतं. इथे पहिल्याच प्रश्नाला गाडी अडत होती. बहुतेकांची ओळखच पटली नाही. ना नातेवाईक, ना सोबती. ठाण्यात येऊन "साहेब, आमच्या माणसाचं काय झालं?" असं विचारणारं कोणीच नाही.

खुनी हुशार होता, असं सगळे पॉडकास्टवाले सांगतात. असेलही. पण मला वाटतं, त्याला फार हुशार असायची गरजच नव्हती. त्यानं फक्त ज्यांना कोणी शोधणार नाही अशी माणसं निवडली.

याउलट रमण राघवचं बघा. १९६० च्या दशकात त्यानं मुंबईच्या झोपड्यांत आणि फुटपाथवर दहशत माजवली होती. पण हल्ल्यातून वाचलेल्यांनी त्याचं वर्णन सांगितलं, पोलिसांच्या जुन्या नोंदींत तो होता, आणि रमाकांत कुलकर्णी यांच्या देखरेखीखाली तपास सुरू असताना ऑगस्ट १९६८ मध्ये सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला वर्णनावरून रस्त्यातच ओळखलं. सांगणारं कोणीतरी होतं, म्हणून तो सापडला.

अमेरिकेतलं एक उदाहरण तर स्टोनमॅनच्याच काळातलं आहे. कॅलिफोर्नियात १९७० आणि ८० च्या दशकात खून आणि बलात्कार करणारा 'गोल्डन स्टेट किलर' २०१८ मध्ये पकडला गेला. जोसेफ डीअँजेलो, वय ७२, निवृत्त म्हातारा आणि एकेकाळचा पोलिस! जपून ठेवलेल्या नमुन्यांतला डीएनए आणि वंशावळीच्या वेबसाइट यांच्या मदतीनं पोलिस त्याच्यापर्यंत पोहोचले. पण तीस-चाळीस वर्षं ती फाइल जिवंत राहिली, त्यामागे पाठपुरावा सोडायला तयार नसलेली माणसंही होती. आपल्या फुटपाथवरच्या माणसांसाठी असा पाठपुरावा कोण करणार होतं?

चार ओळींची बातमी

हे सगळं मला इतकं का लागलं, तर माझ्या कामामुळे. इंटर्न म्हणून लागल्यावर पहिलं काम मिळालं ते पोलिसांकडून येणाऱ्या प्रेसनोट चार ओळींत बसवायचं. त्यात एक प्रकार ठरलेला. 'अनोळखी इसमाचा मृतदेह आढळला. वय अंदाजे ५५ वर्षे, रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात पांढरा सदरा. अकस्मात मृत्यूची नोंद. ओळख पटल्यास संपर्क साधावा.' पहिल्या दिवशी हात थरथरला होता. पंधराव्या दिवशी चहा पिता पिता लिहून मोकळी झाले. खरं सांगते, त्यातली एकही बातमी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून बघितली नाही.

लंडनच्या जॅक द रिपरचंही असंच झालं. १८८८ मध्ये त्यानं किमान पाच बायकांना मारलं. सव्वाशेहून जास्त वर्षं जग 'तो कोण?' हेच विचारत राहिलं. 'त्या कोण होत्या?' यावर हॅली रुबेनहोल्ड या इतिहासकार बाईंनी अख्खं पुस्तक लिहिलं, ते २०१९ मध्ये. स्टोनमॅनवर २००९ मध्ये हिंदी सिनेमा आला, थिअरी तर ढीगभर. पण मेलेल्यांपैकी एकाचंही नाव आमच्या ग्रुपमध्ये कोणाला सांगता येईना.

फलाटावरचे मामा

परवा शेवटच्या गाडीनं चांदूरला उतरले. फलाटाच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ रोज झोपलेले असतात. डोक्याखाली पिशवी, अंगावर चादर. अपडाऊन सुरू केल्यापासून त्यांना बघते आहे. चहावाल्या काकांना विचारलं, हे कोण?

"कोनाले मालूम बाप्पा," काका म्हणाले. "दोन वर्स झाले, इथंच रायते. आमी मामा म्हन्तो."

"नाव काय त्यांचं?"

काका थोडं थांबले. "इचारलं नाई कधी."

मीही कुठे विचारलं होतं?

एक कामाची गोष्टही सांगते, कारण बऱ्याच जणांना ती माहीत नसते. घरातलं कोणी बेपत्ता झालं तर पोलिसांत तक्रार द्यायला २४ तास थांबायचं, असा कुठलाही कायदा नाही. लगेच जायचं. फोटो द्यायचा, अंगावरच्या खुणा सांगायच्या, कपडे सांगायचे. कारण त्या चार ओळींच्या बातमीतला 'पांढरा सदरा' कोणाच्या तरी तक्रारीशी जुळला, तरच त्या माणसाला त्याचं नाव परत मिळतं. आणि पेपरात ती बातमी दिसली, तर पान उलटण्याआधी एकदा वाचा. एवढंच.

स्टोनमॅन कोण होता, हे बहुधा आता कधीच कळणार नाही. आज तो जिवंत असेल तर म्हातारा झाला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी यायला दहा मिनिटं होती. मी दोन चहा घेतले आणि मामांजवळ जाऊन बसले. त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, भावाचं नावही सांगितलं. ते इथे छापत नाही. पण माझ्या डायरीत लिहून ठेवलं आहे, आणि चहावाल्या काकांनाही सांगितलं आहे.