ॲक्सल वीस इंच मागे

दिवाळी अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता अमेरिकेतल्या फिरत्या घरांचा. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा बसएवढ्या, चकचकीत मोटरहोम असाव्यात. मला ओढ होती ती त्यांच्या गरीब नातेवाइकाची. पिकअप ट्रकच्या हौद्यात ठेवायचा, झोपायची जागा, शेगडी आणि छोटं टेबल असलेला डबा. इथे त्याला ट्रक कॅम्पर म्हणतात.

त्याचा इतिहास चटकन सांगून होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हाती पैसा आला, रस्ते आले, आणि ज्याच्याकडे पिकअप होती त्याला तिच्या पाठीवर घर ठेवावंसं वाटू लागलं. सगळ्यांत नामवंत डबा जॉन स्टाइनबेकचा. १९६०मध्ये चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन तो देश पाहायला निघाला, तेव्हा त्याच्या जीएमसी पिकअपवर मिशिगनमधल्या ग्लॅडविनच्या वुल्व्हरीन कंपनीचा कॅम्पर होता. दोन्ही मिळून गाडीचं नाव रोसिनान्ते, म्हणजे डॉन किहोतेचा घोडा. 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' १९६२मध्ये आलं, त्याच वर्षी स्टाइनबेकला नोबेल मिळालं, आणि रोसिनान्ते आज कॅलिफोर्नियातल्या सलीनासला, त्याच्या जन्मगावी, संग्रहालयात उभी आहे. तिला ते साजतंच. पण तिच्या पिढीतले बाकीचे डबे आहेत कुठे?

ते कोठारांमागे, पिंपांवर नाहीतर लाकडी घोड्यांवर ठेवलेले सापडतात. ट्रक मोडीत गेला, डबा मागे राहिला. नव्या ट्रकवर तो चढवावा म्हटलं तर बसत नाही. साठच्या दशकातल्या पिकअपचा हौदा आठ फुटी आणि बाजू बुटक्या. आताच्या कित्येक पिकअपमध्ये पुढे चार दारांची केबिन आणि मागे साडेपाच फुटी हौदा. बाजू उंच झाल्या, केबिनचं छपरही वर गेलं. जुन्या डब्याचे दोन्ही बाजूंना पसरलेले पंख हौद्याच्या कडांवर आदळतात आणि केबिनवर झेपावणारा पलंगाचा भाग छपराला टेकतो. म्हणून काही जण त्याला स्वतःची चाकं देतात. ट्रकवरच्या डब्याचा ट्रेलर होतो.

फ्रेस्नोच्या बाहेर एका शेडमध्ये हे काम करणारे निवृत्त वेल्डर भेटले. वय सत्तरीचं. "नाव छापू नका," त्यांनी आधीच सांगितलं, "कागद व्हायचेत अजून." शेडमध्ये लोखंडी नळ्यांची आयताकृती चासी, तिच्यावर हिरव्या पट्ट्याचा ॲल्युमिनियमचा डबा आणि बाजूला न्हाणीघरातला वजनकाटा. मी तिथे रेंगाळले ती त्या काट्यामुळे.

मला वाटत होतं, कौशल्य वेल्डिंगमध्ये असेल. वेल्डिंगबद्दल ते बोलायलाही तयार नव्हते. त्यांचा सगळा जीव एका प्रश्नात अडकला होता: ॲक्सल कुठे? ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलतं. पुढे जास्त झाला की धुरजड होते आणि बैल मेटाकुटीला येतात. ट्रेलरचं गणित तेच, फक्त ताशी पन्नास मैल वेगाने. मागे जड असलेला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि शेवटी ओढणारी गाडीच रस्त्याबाहेर जाते. म्हणून एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवर, गाडीच्या हिचवर यायला हवा.

साठच्या दशकातल्या या डब्याचा गुरुत्वमध्य कुठे आहे हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. कॅम्पर बनवणाऱ्यांना तो सांगणं केंद्रीय नियमाने बंधनकारक झालं ते पुढे, सत्तरच्या दशकात. वेल्डरबुवांनी जॅकवर डबा उचलला, मजल्याखाली आडवा पाइप घातला आणि डबा पुढे-मागे कुठे कलतो ते पाहत पाइप सरकवला. जिथे तो तोललेला राहिला तिथे खडूची रेघ. मग चासीचं वजन मिळवून आकडा मांडला: सगळं मिळून २,४०० पौंड, म्हणजे अकराशे किलोच्या आत. हिचपासून ॲक्सलपर्यंत १६८ इंच. दांडीवर बारा टक्के हवे, तर ॲक्सल गुरुत्वमध्याच्या वीस इंच मागे. ॲक्सलच्या स्प्रिंग-पाट्यांचे कंस त्यांनी पक्के जोडले नव्हते, नुसते टाके मारले होते. टाका ग्राइंडरने सुटतो.

दांडीवर साधारण २८५ पौंड येतील असा हिशोब होता. न्हाणीघरातला काटा एवढं पेलत नाही, म्हणून त्यांनी तीन फुटांची फळी घेतली. एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, आणि दांडी विटेपासून एक फुटावर टेकवली. काट्यावर येतो फक्त एक तृतीयांश भार. आकड्याला तिनाने गुणलं की झालं. काटा ९५वर थांबला. ते माझ्याकडे न बघता हसले.

याच डब्याची एक गोष्ट मला फार आवडली. ट्रकमध्ये बसण्यासाठी त्याचा खालचा भाग अरुंद असतो. हौद्यातल्या चाकांच्या उंचवट्यांमध्ये चार फुटांहून थोडीच जास्त जागा असते, त्यामुळे डबा खाली चार फुटी आणि कडांच्या वर रुंद. ट्रक गेल्यावर पंखांखालची ती जागा रिकामी उरते, आणि ट्रेलरची चाकं नेमकी तिथे बसतात. आतल्या जमिनीत चाकांसाठी खड्डा कापावा लागत नाही. ज्याने हा आकार आखला त्याच्या मनात ट्रेलर नव्हताच.

पुढच्या बाजूला मात्र हाच आकार छळतो. केबिनवर झेपावणारा पलंग आता दांडीवर लोंबतो. काटकोनात वळताना ओढणाऱ्या गाडीचा मागचा कोपरा अर्ध्या रुंदीएवढा ट्रेलरकडे येतो. गाडी बुटकी असेल तर ठीक, पण उंच एसयूव्हीचं छप्पर सरळ पलंगात घुसेल. वेल्डरबुवांच्या सुनेकडे नेमकी एसयूव्ही आहे. म्हणून दांडी दोन फूट वाढवली. अंतर १९२ इंच झालं आणि दांडीवरचा भार २५० पौंडांवर उतरला, जेमतेम दहा टक्के. वर मागच्या दाराशी वीस गॅलनची पाण्याची टाकी. भरली की १६७ पौंड, ॲक्सलच्या तीन फूट मागे. दांडीवरून तीसेक पौंड आणखी गेले, टक्का साडेआठ. ग्राइंडर पुन्हा बाहेर आला.

इथपर्यंत मी त्यांच्या बाजूने होते. मग त्यांनी आतला पत्रा उचलून दाखवला.

या डब्यांचा सांगाडा बारीक लाकडी पट्ट्यांचा, स्टेपलने जोडलेला, वरून पातळ ॲल्युमिनियम. सांध्यांतली पुट्टी वाळून भेगाळते, पाणी आत शिरतं, आणि बाहेरून कोरा दिसणारा कोपरा आतून भुसा झालेला असतो. पलंगाच्या खिडकीखालचं लाकूड तर बोटाने निघत होतं. ते बदलून नवी ब्यूटिल पट्टी लावता येते, लावलीही आहे. पण ट्रकवर हा डबा अवजड ट्रकच्या पाट्यांवर बसलेला असे आणि टर्नबकलने ताणून बांधलेला असे. आता ३,५०० पौंडांच्या ॲक्सलचे पाटे हलक्या डब्याखाली ताठ राहणार आणि प्रत्येक खड्डा सरळ त्या स्टेपलपर्यंत पोचवणार. चासीला बोल्ट मारायचे तर मजला घट्ट हवा, आणि मजल्याची मागची कड ओली होती. एवढं सगळं बदलल्यावर जुनं काय उरलं, असं मी विचारलं. "पत्रा," ते म्हणाले, "आणि शेगडी." गॅसचा रेग्युलेटर आणि नळ्या त्यांनी फेकून दिल्या आहेत, तेवढं बरं वाटलं.

मग कायदा. ट्रकवर असेपर्यंत कॅम्परला अनेक ठिकाणी निव्वळ माल समजतात. चाकं लागली की ते वाहन. कॅलिफोर्नियात १,५०० पौंड किंवा जास्त वजनाच्या अशा ट्रेलरला ब्रेक लागतात, म्हणून विजेवरचे ब्रेक, ओढणाऱ्या गाडीत त्यांचा नियंत्रक, ट्रेलर सुटलाच तर ब्रेक आपोआप लावणारी बॅटरी. ट्रेलर ओढताना वेग ताशी ५५ मैलांच्या वर नाही. घरी बनवलेल्या ट्रेलरला तपासणी करून क्रमांक मिळवावा लागतो, आणि तपासनीस लोखंडाच्या पावत्याही मागू शकतो. वेल्डरबुवांचं अर्धं लोखंड भंगारातलं.

सगळ्यांत मोठा तोटा त्यांच्या नातवाला कळला आहे. आतून उघडणारं दार असेल तर ट्रकवरच्या कॅम्परमध्ये माणसांनी बसून प्रवास करणं कॅलिफोर्नियात चालतं. पलंगावर पालथं पडून समोरच्या खिडकीतून रस्ता बघत जाता येतं. या ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरमध्ये मात्र कुणी बसायचं नाही. खिडकी आहे, नवी काच आहे, आणि तिच्यातून आता एसयूव्हीचं छप्पर दिसेल.

तपासणीची वेळ घेतली आहे. त्याआधी ॲक्सल आणखी मागे न्यायचा की टाकी पुढे, जेवणाच्या बाकाखाली हलवायची, यावर घरात मतभेद आहेत. टाकी हलवली तर बाकाखालची सामानाची जागा जाते, आणि ती सुनेला हवी आहे.