माल पोहोचला नाही, तर पैसा कोणाचा?

खारदांड्याच्या कोळीवाड्यात पत्ता शोधणे हे नवख्याचे काम नव्हे. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना खेटून. वाहन रस्त्यावर ठेवून पुढे पायीच जावे लागते. गतवर्षी माझ्या पुतण्याने तेथील एका भगिनींना ऑनलाइन मागणीनुसार पितळी भांडी पाठविली. किंमत १,४५० रुपये, तीही आगाऊ भरलेली. चौथ्या दिवशी 'माल पोहोचता केला' अशी नोंद मोबाइलवर उमटली. पाचव्या दिवशी त्या भगिनींचा दूरध्वनी आला, "मला काहीच मिळालेले नाही."

"काका, नोंद तर स्पष्ट आहे. मी पैसे का परत करू?" पुतण्याने विचारले. आपल्यापैकी अनेकांनी हेच म्हटले असते. मी त्याला कुरिअरकडून पोहोच मागविण्यास सांगितले. छायाचित्रात निळे दार होते; त्या भगिनींच्या घराला तसे दारच नव्हते. सही वाचता येत नव्हती.

माल वाहतूकदाराच्या हवाली केला, बिल्टी हाती आली, की आपली जबाबदारी संपली, ही समजूत आपल्या पेढ्यांवर पिढ्यानपिढ्या रुजली आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या ३९ व्या कलमात तिला प्रथमदर्शनी आधारही आहे. परंतु घरगुती ग्राहक वाहतूकदार निवडत नाही. तो आपण निवडतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्रेत्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची असते व निवारण एक महिन्यात करावयाचे असते. सांगितलेल्या मुदतीनंतर माल पोहोचला, तर नैसर्गिक आपत्तीसारखे कारण वगळता परतावा नाकारता येत नाही. उशिराबाबत हा दंडक, तर न मिळालेल्या मालाबाबत काय सांगावे! शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागू शकतो. मुंबईच्या विक्रेत्याला नांदेडमध्ये उत्तर द्यावे लागेल.

बँकेतील अनुभवावरून आणखी एक सांगतो. कार्डाने पैसे भरलेला ग्राहक आपल्या बँकेकडे 'चार्जबॅक' मागतो, तेव्हा विक्रेत्याकडून पुरावे मागविले जातात. दिलेल्या मुदतीत उत्तर गेले नाही, तर बाजू खरी असूनही रक्कम परत जाते. म्हणून बिल, पाठवणीचा क्रमांक, पार्सलचे वजन, बांधणीचे चित्रीकरण आणि पोहोच हे सर्व प्रत्येक मागणीच्या नावे एकत्र ठेवावे. खोटी तक्रार करणारे ग्राहकही असतात. त्यांच्यापुढे रागापेक्षा कागद उपयोगी पडतो. मौल्यवान मालाचा विमा उतरवावा, ओटीपी घेऊनच माल देण्याची सोय निवडावी, आणि कोळीवाडा वा चाळीचा पत्ता असल्यास पाठविण्यापूर्वी फोन करून जवळची खूण विचारून घ्यावी.

एवढे केल्यावरही प्रश्न उरतो तो वृत्तीचा. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात सत्य-अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील दोन या प्रसंगी मला फार जवळचे वाटतात: कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, आणि न्यासापहार, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणे. न दिलेला माल 'दिला' असे लिहिणे हा खोटा लेखच. तो कुरिअरच्या माणसाने लिहिला असेल. पण खोटा आहे हे कळल्यावरही त्याच्या आडोशाला आपण उभे राहिलो, तर दोष आपल्याकडे येतो. आगाऊ घेतलेले पैसे माल पोहोचेपर्यंत ग्राहकाची ठेव आहेत, असे मी मानतो. बँकेत दुसऱ्याच्या ठेवी सांभाळण्यात आयुष्य गेल्यामुळे मला हे चटकन जाणवले असावे.

पुतण्याने त्याच संध्याकाळी १,४५० रुपये परत केले आणि कुरिअरशी भांडण आपल्या नावावर घेतले. पार्सल अखेरपर्यंत सापडले नाही. कुरिअरने करारातील अटीप्रमाणे अल्प भरपाई दिली. उरलेली रक्कम त्याने नुकसान म्हणून वहीत लिहिली.

संवत्सरीला आपण सर्वांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. ज्याचे पैसे आपल्याकडे अडकले आहेत, त्याला ते म्हणण्यापूर्वी त्याचा हिशेब चुकता करावा.