रिपोर्टात डावं, फिल्मवर उजवं
(डोक्याच्या आत : भाग ४)

एमआरआयची फिल्म खिडकीशी धरून पाहणाऱ्या नातेवाइकांची पहिली शंका बहुधा हीच असते : रिपोर्टात ‘डाव्या बाजूला’ असं लिहिलंय, मग डाग उजवीकडे कसा? चूक कुणाचीच नसते. मेंदूचे आडवे काप पाहताना आपण पलंगाच्या पायथ्याशी उभे आहोत आणि उताण्या झोपलेल्या पेशंटच्या तळपायांकडून डोक्याकडे बघतो आहोत, असं धरायची जगभर पद्धत आहे. त्यामुळे पेशंटचा डावा मेंदू आपल्या उजव्या हाताला येतो. फिल्मच्या कडेला बारीक अक्षरात ‘आर’ किंवा ‘एल’ छापलेलं असतं, ते याचसाठी.

मागच्या भागांत आपण चेतापेशींविषयी वाचलं, आता नकाशाकडे वळू. मेंदूची रचना शिकवताना नावांची यादी पाठ करून घेतात आणि परीक्षा संपली की ती पुसली जाते. मला उलटीकडून सुरुवात करणं बरं वाटतं. एखाद्या माणसाचा उजवा हात अचानक लुळा पडला, तर बिघाड मेंदूत नेमका कुठे झालाय हे डॉक्टर कसं ओळखतात, ते पाहू. नावं वाटेत भेटत जातील.

थोडी तयारी मात्र हवी. शाळेच्या पुस्तकातले प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क आणि मस्तिष्कपुच्छ हे शब्द काहींना आठवत असतील. दवाखान्यात कुणी तसं म्हणत नाही. तिथे मोठा मेंदू, लहान मेंदू आणि ब्रेनस्टेम म्हणतात. मस्तिष्कपुच्छ हा ब्रेनस्टेमचा सगळ्यात खालचा भाग, त्याच्या खाली मेरुरज्जू सुरू होतो. प्रौढ माणसात या सगळ्याचं मिळून वजन साधारण 1300 ते 1400 ग्रॅम भरतं. मोठ्या मेंदूचे दोन अर्धगोल असतात आणि प्रत्येक अर्धगोलाचे चार खंड पाडले जातात : कपाळामागचा फ्रॉन्टल, माथ्याखालचा पराएटल, कानशिलाजवळचा टेम्पोरल आणि मागच्या टोकाचा ऑक्सिपिटल. ही नावं मुळात कवटीच्या हाडांची. त्यांच्याखाली जो मेंदू सापडला, त्याला तीच चिकटवली. म्हणून सगळ्या खंडांच्या सीमा मेंदूवर आखलेल्या नसतात. फ्रॉन्टल आणि पराएटलच्या मधली खाच खरीखुरी आहे, टेम्पोरलच्या वरची खोल चीरही खरी आहे. पण बाहेरच्या बाजूने पाहिलं तर पराएटल कुठे संपतो आणि ऑक्सिपिटल कुठे सुरू होतो, हे बरंचसं मनानेच रेघ ओढून ठरवावं लागतं.

फ्रॉन्टल आणि पराएटलमधली ती खाच आपल्या कामाची आहे. तिच्या लगेच पुढे जी वळी आहे, ती शरीराची हालचाल चालवते. लगेच मागची वळी स्पर्श ओळखते. कॅनडात माँट्रियल इथे वाइल्डर पेनफिल्ड हे शल्यविशारद अपस्माराच्या शस्त्रक्रिया पेशंटला जागं ठेवून करत. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे हे शक्य होतं. वळीवर विजेचा अगदी हलका स्पर्श केला की कधी बोट हले, कधी ओठ. अशा नोंदी जमवत 1930च्या दशकात त्यांनी या वळ्यांचा नकाशा तयार केला. त्यात माणूस उलटा टांगलेला दिसतो. तळाशी जीभ, ओठ, चेहरा, त्यांच्या वर हात, माथ्याजवळ खांदा आणि धड. पाय तर माथा ओलांडून दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत उतरतो. वाटणीही समान नाही. बोटं आणि ओठ मोठी जागा अडवून बसलेत, अख्ख्या पाठीच्या वाट्याला मात्र चिंचोळी पट्टी येते.

आता यावर रक्तवाहिन्या ठेवा. मिडल सेरेब्रल आर्टरी अर्धगोलाच्या बाहेरच्या अंगाला रक्त पुरवते, म्हणजे चेहरा आणि हाताच्या जागेला. अँटिरिअर सेरेब्रल आर्टरी मधल्या फटीतून जाते, म्हणजे पायाच्या जागेजवळून. पायापेक्षा हात आणि चेहरा जास्त लुळा असेल तर संशय पहिलीवर जातो, आणि हात बरा पण पाय उचलत नसेल तर दुसरीवर. अर्धांगाच्या झटक्यात सगळ्यात जास्त वेळा सापडते ती पहिलीच.

बाजूचं गणित वेगळं. हालचालीचे बहुतेक चेतातंतू मस्तिष्कपुच्छात बाजू बदलतात, त्यामुळे उजवा हात डाव्या मेंदूच्या ताब्यात असतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं. लहान मेंदूला हा नियम लागू नाही, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. उजव्या लहान मेंदूत बिघाड झाला तर उजवाच हात चाचपडतो. कपाकडे नेलेला हात थरथरतो आणि कपाच्या पुढे निघून जातो, पण हातातली ताकद शाबूत असते. मेंदूच्या एकूण वजनात लहान मेंदूचा वाटा जेमतेम दहावा हिस्सा आहे आणि तरी एकूण चेतापेशींपैकी जवळजवळ 80 टक्के तिथेच आहेत.

उजव्या हाताबरोबर बोलणंही गेलं असेल तर पत्ता आणखी पक्का होतो, कारण बहुतेकांच्या भाषेची केंद्रं डाव्या अर्धगोलात असतात. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्याकडे एक पेशंट आला. समोरच्याचं बोलणं त्याला कळायचं, पण स्वतःच्या तोंडून ‘टॅन’ याखेरीज जवळजवळ काहीच निघत नसे. तो वारल्यावर ब्रोकांना त्याच्या डाव्या फ्रॉन्टल खंडाच्या खालच्या-मागच्या भागात बिघाड सापडला. 1874मध्ये कार्ल वेर्निके यांनी याच्या नेमकी उलटी तऱ्हा मांडली. या पेशंटचं बोलणं ओघवतं असतं पण त्याला अर्थ नसतो, आणि दुसऱ्याचं बोलणं त्यांना उमगत नाही. इथे बिघाड डाव्या टेम्पोरल खंडाच्या मागच्या भागात असतो. अशा पेशंटचे हातपाय पुष्कळदा धडधाकट असतात, म्हणून घरचे ‘डोक्यावर परिणाम झाला’ असं समजून भलत्याच वाटेला लागतात. मला तर ब्रोकांच्या पेशंटपेक्षा या लोकांची जास्त काळजी वाटते. मुका झालेला माणूस निदान लवकर दवाखान्यात पोचतो.

चेहरा, हात, पाय तिन्ही सारखेच लुळे आणि बोलणं-समजणं ठणठणीत, असं असेल तर? मग बिघाड पृष्ठभागावर असण्याची शक्यता कमी, खोलवर शोधायला हवं. वरून पंख्यासारखे पसरलेले सगळे तंतू खाली येताना इंटर्नल कॅप्सूल नावाच्या अरुंद पट्ट्यातून दाटीवाटीने जातात. तिथे दीड सेंटिमीटरहून लहान ठिपकाही अख्खी एक बाजू बंद पाडू शकतो. आणि चेहरा एका बाजूचा, हातपाय दुसऱ्या बाजूचे, असा तिढा दिसला तर ब्रेनस्टेमकडे बघायचं. चेहऱ्याची चेता तिथून आपल्याच बाजूला बाहेर पडते, हातापायांचे तंतू मात्र बाजू बदलायला अजून खाली जायचे असतात.

रिपोर्टातले दिशादर्शक शब्द एकदा नजरेखालून घातले की पुरे. अँटिरिअर म्हणजे पुढचा, पोस्टिरिअर मागचा, मीडिअल मध्यरेषेकडचा, लॅटरल बाहेरच्या अंगाचा. घोटाळा करतो तो डॉर्सल. मासा किंवा कुत्रा घेतला तर नाकापासून शेपटीपर्यंत जवळजवळ एकच रेघ असते आणि डॉर्सल म्हणजे पाठीकडचा, एवढं पुरतं. माणूस दोन पायांवर उभा राहिला, पण नजर समोरच राहिली. त्यामुळे मेंदूचा अक्ष ब्रेनस्टेमच्या वरच्या टोकाशी जवळजवळ काटकोनात पुढे वळलाय. परिणामी मेरुरज्जूत डॉर्सल म्हणजे पाठीकडे आणि मोठ्या मेंदूत डॉर्सल म्हणजे टाळूकडे.

सत्तरीच्या पुढच्या माणसाच्या रिपोर्टात वयोमानानुसार मेंदू थोडा आक्रसल्याचा आणि बारीक रक्तवाहिन्यांमुळे झालेल्या बदलांचा उल्लेख वारंवार येतो. त्या ओळी वाचून रात्रीची झोप घालवू नये, डॉक्टरांना विचारावं. काळजी दुसऱ्या गोष्टीची करावी. झटका आल्यावर पहिल्या काही तासांत सीटी स्कॅन पुष्कळदा स्वच्छ दिसतो. तो घाईने काढतात तो मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे बघायला. गुठळीने बंद पडलेला भाग त्यावर उमटायला वेळ लागतो, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेव्हा ‘स्कॅन नॉर्मल आहे’ एवढं ऐकून पेशंटला घरी घेऊन जाऊ नका. कुठला हात, कुठला पाय, बोलणं कसं झालं आणि नेमकं किती वाजता, हे डॉक्टरांना सांगा.

(पुढच्या आठवड्यात : मेंदूतलं पाणी येतं कुठून आणि तुंबतं कुठे)